गोदाच्या दोन खेपा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे आणि सर्कशीतलाही नव्हे. मला जॅग्वारसाठी बनवले होते. जॅग्वार म्हणजे आपल्या बिबट्याचा अमेरिकेतला थोरला भाऊ. अंगावर तसेच ठिपके, पण छाती वाघाची, आणि जबडा असा की कासवाची पाठही फोडावी. आज मी अॅरिझोनातल्या एका प्राणी-उद्यानाच्या मागच्या आवारात पडून आहे. माझी कहाणी गोड नाही, आणि ती गोड करून सांगणे मला जमणारही नाही.

माझा जन्म २००३ साली टुसॉन शहरातल्या एका गॅरेजमध्ये झाला. मला घडवणारा एकनाथ वैरागडे नागपूरचा इंजिनिअर होता. पोलादी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत तो नोकरी करी. मला घडवून घेणारी त्याची बायको सुलेखा. ती पशुवैद्य. नागपूरला असताना वनखात्याने पकडून आणलेल्या बिबट्यांवर तिने उपचार केले होते. पण अमेरिकेत ती नवऱ्याच्या व्हिसावर आली होती आणि त्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारत, "मग दिवसभर करतेस काय गं?" सुलेखा हसून मसालेभात ढवळत राही.

मग तिला कॉलिन भेटला. तो प्राणीशास्त्रज्ञ होता आणि एक छोटी संस्था चालवत होता. एके काळी या डोंगरांत जॅग्वार राहत. लोकांनी ते मारून संपवले. आता क्वचित एखादा नर मेक्सिकोतून सीमा ओलांडून येई, डोंगर पालथे घाली आणि मादी न सापडल्यामुळे परत जाई. कॉलिनचे म्हणणे साधे होते. एक मादी आणून सीमेजवळ सोडावी, म्हणजे येणारा नर रिकाम्या घरी येणार नाही. सुलेखा बिनपगारी मदतीला उभी राहिली.

कॉलिन गजांचा पिंजरा मागवणार होता. सुलेखाने त्याला थांबवले.

"गज नकोत," ती एकनाथला गॅरेजमध्ये सांगत होती. "घाबरलेलं जनावर गज चावतं आणि सुळे तुटतात. सुळे तुटलेला बिबट्या मी पाहिलाय. तो शिकार करू शकत नाही, मग गावात शिरतो, मग लोक त्याला मारतात. मला आतून गुळगुळीत हवंय सगळं. अंधार हवा. हवेला भोकं हवीत, पण त्यात नखही अडकता कामा नये."

"दार?"

"वर सरकणारं. दुरून दोरीनं उघडता येईल असं."

एकनाथने कितीतरी शनिवार-रविवार माझ्यावर घालवले. आतून जाड लाकडी फळ्या, बाहेरून पोलादी चौकट. प्रत्येक सांधा त्याने हाताने घासला. काम संपल्यावर तो स्वतः माझ्या आत जाऊन बसला आणि सुलेखाला म्हणाला, "दार लाव." थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. म्हणाला, "बराय. कुठे काही टोचत नाही." मित्रांनो, असा माणूस होता तो. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

पुढच्या वसंतात माझी पहिली खेप झाली. मेक्सिकोत एका गुरांच्या मालकाने तरुण मादी पकडली होती. तो तिला गोळी घालणार होता, पण कॉलिनच्या तिथल्या मित्रांनी त्याचे मन वळवले. दोन्ही देशांच्या परवानग्या मिळाल्या आणि तिला माझ्यात घातले. कागदावर तिला नुसता क्रमांक होता. सुलेखाने भोकातून तिचे पिवळे डोळे पाहिले आणि म्हणाली, "हिचं नाव गोदा."

तिला सोडायची जागा रूथच्या कुरणात होती. रूथ सत्तरीची विधवा. तिची गुरे थेट सीमेच्या काटेरी तारेपर्यंत चरत. ती तार काय, हरणे वरून उडी मारत, रानडुकरे खालून जात. सकाळच्या उन्हात सुलेखाने दोरी ओढली आणि माझे दार वर गेले. गोदा बाहेर येईना. बराच वेळ माझ्या फळ्यांवर तिचा श्वास आपटत राहिला. मग तिने एक पाय गवतावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि ओढ्याकाठच्या झाडांत ती अशी नाहीशी झाली की जणू कधी आलीच नव्हती.

सुलेखा रडत होती. रूथ तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या भागातला शेवटचा जॅग्वार माझ्या नवऱ्याच्या आजोबांनी मारला. कातडं अजून घरात भिंतीवर आहे. आज जाऊन काढते ते."

त्यानंतरचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. मी रूथच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये राहू लागलो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. शाळेची मुले येऊन माझ्यात डोकावत आणि सुलेखा त्यांना सांगे, "जनावराला दाखवायला हा पिंजरा नाही. जनावराला सोडायला आहे." रिकामा असण्याचा अभिमान वाटणारा जगात मी एकटाच पिंजरा असेन.

डोंगरात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत गोदा दिसत राहिली. ती हरणे मारून खात होती आणि रूथच्या एकाही वासराला तिने हात लावला नव्हता. २००६ च्या उन्हाळ्यात सुलेखा धावतच शेडमध्ये आली. हातात फोटो होते. एकाच पाणवठ्यावर गोदा, आणि तिच्यामागे दक्षिणेकडून आलेला एक आडव्या अंगाचा नर! सुलेखाने रूथला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू करून आणले. कॉलिन म्हणाला, "या खेपेला पिल्लं होतीलच असं नाही. पण आता त्याला वाट कळली. पुढच्या वर्षी तो नक्की येईल." हिवाळ्यात नर दक्षिणेला निघून गेला.

त्याच हिवाळ्यात माझे दार खाचेत अडकू लागले म्हणून एकनाथ दुरुस्तीला आला. सुलेखा बरोबर होती. तो बराच वेळ खाचा घासत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "सुलेखा, कंपनीला बॉर्डरचं काम मिळालंय."

"कसलं काम?"

"कुंपणाचं. या खोऱ्यातला पट्टा आमच्याकडे आलाय. डिझाइन मला दिलंय."

सुलेखा खाली बसली. "फट किती ठेवलीय?"

"माणूस शिरणार नाही इतकी."

"आणि गोदा?"

"गोदा ड्रॉइंगमध्ये नाहीये," एकनाथ म्हणाला. "मी ईमेल लिहिली होती. म्हटलं, ओढ्यापाशी जनावरांसाठी थोडी मोकळी जागा ठेवू, तिथे कॅमेरा लावा, गार्ड ठेवा. उत्तर आलं, हे आपल्या कामात बसत नाही."

"मग तू नाही म्हण."

"नाही म्हणू? ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर आहे. आत्ता कंपनी सोडली तर सगळं पहिल्यापासून. कॉलेजातला मित्र अमेय मला त्याच्या कंपनीत घ्यायला तयार आहे, पण तिकडे गेलो तरी कार्डाचं पहिल्यापासूनच. आणि मी सोडलं म्हणून कुंपण थांबणार आहे का? माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल."

"बसू दे दुसरा."

"तुला कामाची परवानगी त्याच कार्डावर मिळणार आहे, सुलेखा! इतकी वर्षं फुकट राबतेयस, ते मला दिसत नाही का?"

"माझ्या नावावर करू नकोस हे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. तेवढंच म्हण आणि मोकळा हो."

एकनाथने दार वर-खाली करून पाहिले. ते आता लोण्यासारखे सरकत होते. तो गाडीत जाऊन बसला.

२००७ मध्ये यंत्रे आली. मी शेडमधून त्यांची धूळ पाहत होतो. पर्यावरणाचे कायदे या कामाला लागू नाहीत असे सांगण्यात आले. कॉलिन अर्ज करून थकला. रूथने सुनावणीत उभे राहून आपले म्हणणे मांडले. समोरच्यांनी तिचे आभार मानले आणि पुढचे नाव पुकारले. उन्हाळ्यापर्यंत माणसाच्या तिप्पट उंचीचे पोलादी खांब खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे राहिले. फटीतून फार तर हात जावा.

नर आला. ते मी पाहिले नाही. सुलेखा रूथला सांगत होती ते ऐकले. कुंपणाच्या पलीकडच्या मातीत त्याचे मोठे पंजे उमटले होते आणि अलीकडच्या मातीत गोदाचे. दोघांच्या पावलांची रांग खांबांच्या दोन्ही बाजूंनी बरोबरीने चालली होती. ओढ्यापाशी दोघे बराच वेळ बसले होते, कारण तिथले गवत दोन्हीकडे दबले होते. मग नराची पावले दक्षिणेला वळली. गोदाची वळली नाहीत. ती खांबांच्या कडेने पूर्वेला गेली, परत आली, पश्चिमेला गेली. तिथे पायवाट पडली होती.

"वेडी झालीय ती," सुलेखा म्हणाली. "पंजे सोलले असतील. एका ठिकाणी रक्त होतं."

हरणांचेही तेच झाले. त्यांच्या वाटा तुटल्या आणि कळप पांगले. कुंपणाच्या नादाने भटकत गोदा खोऱ्याबाहेर गेली आणि हिवाळ्यात तिने शेजारच्या कुरणातले वासरू मारले. मग आणखी एक. तो शेजारी रूथसारखा नव्हता. त्याने तक्रार केली. रूथ त्याच्याकडे गेली, म्हणाली, "माझी वासरं घे." त्याने ऐकले नाही. वरून हुकूम आला की हे जनावर उपद्रवी आहे, त्याला हलवावे. मेक्सिकोत परत सोडा, असे कॉलिनने विनवले. पण तिकडचा परवाना केव्हाच संपला होता आणि नवा द्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी उत्तर आले की या देशात जॅग्वारला भवितव्य नाही, तेव्हा तिला उद्यानात ठेवावे.

आणि मला शेडमधून बाहेर काढले.

पकडायला आणलेल्या शिकारी कुत्र्यांनी गोदाला झाडावर चढवले. बेशुद्धीचे इंजेक्शन सुलेखानेच भरून दिले, कारण डोस चुकला तर जनावर मरते आणि तिला दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवायचा नव्हता. गोदाला माझ्यात ठेवले तेव्हा मला कळले की ती किती हलकी झाली होती. पंजांना भेगा होत्या. वाटेत ती शुद्धीवर आली, पण पहिल्या खेपेसारखी धडपडली नाही. कोपऱ्यात तोंड घालून पडून राहिली. माझ्या गुळगुळीत फळ्यांनी तिचे सुळे वाचवले, मित्रांनो. शिकार करण्यासाठी राखलेले ते सुळे आता थाळीतले मांस खाण्याच्या कामी येणार होते.

त्याच महिन्यात ग्रीन कार्डे आली. मंडळात लोकांनी दोघांचे अभिनंदन केले. सुलेखाला आता नोकरी करता येत होती आणि नोकरी एकाच ठिकाणी मिळत होती, ती म्हणजे या उद्यानात. कॉलिनची संस्था बंद पडली होती. सुलेखा रुजू झाली. रूथने फोनवर विचारले, "तुला बघवेल का?" ती म्हणाली, "मी नाही बघितलं तर कोण बघणार?"

गोदाच्या जाळीच्या आवारामागे मला ठेवले. रोज मी तिला पाहतो. ती जाळीच्या कडेने चालते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. लोक म्हणतात, "किती अॅक्टिव्ह आहे!"

मागच्या महिन्यात, २००८ संपता संपता, एकनाथ आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तो जाळीपाशी उभा राहिला आणि गोदाच्या येरझाऱ्या पाहत राहिला. सुलेखा हातात बादली घेऊन आली आणि त्याला पाहून थबकली.

"अशीच चालते दिवसभर?" त्याने विचारले.

"हो."

"थांबत नाही?"

"खायला थांबते."

तो माझ्याकडे आला आणि सवयीने माझ्या सांध्यावरून बोट फिरवले. बोटाला तांबूस भुकटी लागली. "गंज चढतोय," तो म्हणाला. "रविवारी येतो. घासून रंग मारून देतो. अजून वीस वर्षं टिकेल."

"नको," सुलेखा म्हणाली.

"अगं, चांगला आहे अजून. वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

तिने बादली उचलली आणि गोदाकडे गेली. एकनाथ बोट रुमालाला पुसून फाटकाकडे चालू लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला फेकू नका, आमची निगा राखा. मी तसे विनवणार नाही. मला घासू नका, मला रंग देऊ नका. मी गंजून मातीत मिसळलो तर मला आनंदच होईल. काळजी घ्यायचीच असेल तर त्या ओढ्याकाठच्या वाटेची घ्या, जिच्यावरून जनावरे कोणाला न विचारता जात-येत होती. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी एकनाथसारखा हुशार इंजिनिअर झाला आणि तसले ड्रॉइंग त्याच्या टेबलावर आले, तर त्याने नुसती ईमेल लिहून थांबू नये.