भागाबाईचा हात

लातूर जिल्हा झाला त्याच साली शिवकन्या औरंगाबादहून नाट्यशास्त्राची पदवी घेऊन परत आली. गावात पेढे वाटले, तेव्हा जिल्ह्याचे की पदवीचे, हे लोकांनी आधी विचारून घेतलं.

गाव चाकूरच्या शिवेला लागून. थोरला भाऊ गुरुपादप्पा याचं तिथं किराणा दुकान होतं. वडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नव्या कचेऱ्या म्हणजे नव्या खुर्च्या, असा त्याचा सरळ हिशोब होता. तो तिला घेऊन लातूरला गेला. अजून चुन्याचा वास न गेलेल्या एका कचेरीत साहेबांनी तिची पदवी उलटीसुलटी करून पाहिली.

"नाट्यशास्त्र. म्हणजे नेमकं काय येतं तुम्हाला?"

"अभिनय, रंगभूषा, प्रकाशयोजना."

"प्रकाशयोजना? मग बाई, तुम्ही वीज मंडळात जावा की!"

सगळी कचेरी हसली. परतीच्या एस.टी.त गुरुपादप्पानं तिची पदवी नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. "बी.एड. केलं असतीस तर..." एवढंच म्हणाला आणि पुढचं गिळलं. ते गिळलेलं वाक्य शिवकन्येच्या घशात अडकलं ते कायमचं.

पाहुणेरावळे तर तोंडावर विचारायचे, "नाचायला बी पदवी लागती का?" घरात तिची बाजू घेणारी एकटी वहिनी, नीलम्मा. "जाऊ द्या तिला. शिकू द्या," असं तीन वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती. पैसे कुठून आले, हे शिवकन्येनं तेव्हा विचारलं नव्हतं. जाण्याच्या घाईत ते सुचलंच नाही.

मग पाऊस चुकला. पुढच्या साली पुन्हा चुकला. आड आटले, हातपंप खोकायला लागले, आणि लोक पायऱ्यांच्या जुन्या बारवांत उतरून तळाचं पाणी भरू लागले. त्या पाण्यातून नारू झाला. पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा आणि चांगला धडधाकट माणूस महिना महिना बाजेवर पडायचा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, हे लोकांना सांगायला सरकारनं नाटकं लावली. नांदेडच्या व्यंकटरावांच्या नाटक मंडळीला ते काम मिळालं. त्यांना शिकलेली नटी हवी होती. पदवीला पहिल्यांदाच कुणीतरी मागणी घातली.

शिवकन्येला भागाबाईची भूमिका मिळाली. पाणी न गाळणारी, हट्टी, तोंडाळ बाई. तालमीत व्यंकटराव म्हणाले, "पोरी, संवाद मोप हायेत. पण हसू कुठंय?"

हसू तिच्याजवळ होतं. औरंगाबादला परीक्षेत, रोजच्या पाहण्यातला माणूस उभा करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिनं नीलम्मावहिनी केली होती आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. वहिनीची एक सवय होती. हसली, दचकली, वाकली की तिचा डावा हात झटकन गळ्याखाली जायचा, दोन बोटं चोळीवरून काहीतरी चाचपायची आणि हात परत कामाला लागायचा. भाकरी थापताना गेला तर पिठाची दोन बोटं चोळीवर उमटायची. शिवकन्येनं तो हात भागाबाईला दिला. नारूचं नाव निघालं की भागाबाईचा हात गळ्याशी. नवरा शिंकला तरी हात गळ्याशी.

हिमायतनगरला लोक पोट धरून हसले. खेळ संपल्यावर बायका तसाच हात करत घरी गेल्या. व्यंकटराव खुशीत म्हणाले, "आपली गाडी डिझेलवर न्हाई, तुझ्या हातावर चाललीय."

गुरुपादप्पानं ते ऐकलं आणि मंडळी चाकूरला आली तेव्हा स्वतः जाऊन आपल्या गावी खेळ मागून आणला.

मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या. वहिनी धुवट इरकल नेसून सगळ्यांत पुढं बसली, शेजारी शरणम्मा. शेजारघरची ही म्हातारी नाटक बघायला आपला पाट घेऊन आली होती. भागाबाई आली, तोंड सोडून भांडली, आणि नारूचं नाव निघताच तिचा हात गळ्याखाली गेला.

मग शरणम्मा ओरडली, "अगं बया, ही तर आपली नीलम्मा!"

पार हसून दणाणला. माना नाटकाकडून वहिनीकडं वळल्या. वहिनीही तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता तिचा डावा हात उठून गळ्याशी गेला. मग तर हशा थांबेचना. त्या सबंध दौऱ्यात एवढा रंगलेला खेळ दुसरा झाला नाही.

खेळानंतर मंडळी पारावर सामान आवरत होती, आणि घरी चुलीवर चहा उकळत होता. शरणम्मा पाट काखेत घेऊन कौतुक करायला आली.

"शिवे, हुबेहूब केलीस बघ! पण एक सांगू? चांदीची डबी होती तवा हिचा हात असा जात नव्हता. फडक्यात लिंग बांधाया लागली आन् हात तिथं चिकटला. गाठ सुटंल, पडंल, ही धास्ती."

"शरणक्का, चहा घ्या," वहिनी मध्येच म्हणाली.

शिवकन्या चेहऱ्याचा रंग पुसत होती. ती थांबली. लिंगायताच्या अंगावरचं लिंग जन्माचा सोबती. ते खाली पडणं म्हणजे जीव गेल्यासारखंच. वहिनीचं लिंग लग्नात उदगीरहून, तिच्या वडिलांनी घडवलेल्या चांदीच्या डबीत आलं होतं. लहानपणी शिवकन्या तिच्या मांडीवर बसून त्या डबीशी खेळायची.

"डबी कुठंय, वैनी?"

"जड होती गं. मानंला काचायची."

"कवा काढलीस?"

वहिनी कपबश्या मांडत राहिली. उत्तर शरणम्मानं दिलं, "तू औरंगाबादला गेलीस त्याच साली की, लातूरच्या सराफाकडं गहाण टाकली," आणि दिल्यावर जीभ चावली.

पहिल्या सुट्टीत आली तेव्हा गळ्यातलं फडकं शिवकन्येनं पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे दिसलं होतं. तिचं सगळं लक्ष त्या हाताकडं होतं. परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून.

सकाळी निघताना ती म्हणाली, "वैनी, मी ते काढून टाकते नाटकातून."

"का? हसली की लोकं."

"तुला हसली."

"मग हसू दे. फुकट हसली का? तुला पैसं मिळतेत न्हवं? कर की. तुझ्या तमाशातलं मला काय कळतंय."

"तमाशा न्हाई वैनी, नाटक," शिवकन्या सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली.

बिलोलीच्या खेळात तिनं हात खाली ठेवला. खेळ पडला. लोक मधूनच उठून गेले, आणि बारवेचं पाणी तसंच भरत राहिले असतील. व्यंकटराव रागावले. "हात मोडला का तुझा? उद्या वरचे साहेब बघायला येतेत. पुढचे खेळ त्यांच्या मर्जीवर हायेत."

रात्रभर तिनं एकच गोष्ट उलटसुलट करून पाहिली. डबी सोडवायची तर पैसे हवेत. पैसे हवेत तर खेळ हवेत. आणि खेळ हवेत तर वहिनीचा हात हवाच. दुसरं काही विकायला त्या पदवीनं तिला दिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भागाबाईचा हात गळ्याशी गेला. साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. खेळ वाढवून मिळाले. पूर्वी हशा आला की शिवकन्येच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता प्रत्येक हशाला मारुतीच्या पारावर वळलेल्या त्या माना दिसायच्या.

गहाणाची मुदत केव्हाच उलटली होती. लातूरचा सराफ नीलम्माचं नाव ऐकून म्हणाला, "ती उदगिरी घडणीची डबी? बाई, कवाच आटवली. कुणाच्या तरी लेकीच्या पायात वाजत असंल."

मग तिनं नांदेडच्या सराफ्यात नवी घडवून घेतली. मुद्दाम वजनदार.

वहिनीनं आंघोळ करून, विभूती लावून फडक्याची गाठ सोडली. तीही सहज सुटेना, इतक्या वर्षांची. लिंग डबीत ठेवलं, दोरा गळ्यात घातला.

"पहिलीपरीस जड हाय," ती म्हणाली. "किती तमाशे करावे लागले गं?"

या वेळी शिवकन्येनं शब्द दुरुस्त केला नाही. "लई."

"सगळ्यांत भागाबाई होती?"

"होती."

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर शिवकन्येला बरं वाटलं असतं.

"लई गावं हसवली म्हण माझ्या हातानं," वहिनी म्हणाली आणि हसली.

हसली तसा तिचा डावा हात गळ्याखाली गेला. बोटांना चांदी लागली. गाठ नव्हती. तरी बोटं गाठ शोधत तिथंच चाचपत राहिली.