तिसऱ्या तारेची खाच

"काका, पुन्हा उतरली!"

माझ्या दोस्ताच्या, लांबूच्या मुलीने दुरुस्तीच्या टेबलाशी उभं राहून गिटारची तिसरी तार ओढून सोडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती उतरवली होती.

"तारा कधी बदलल्या?"

"परवा. हा तिसरा सेट. त्या मोठ्या दुकानातून तारा पिळायच्या चाव्याही नव्या बसवून घेतल्या."

"चाव्या? पाय दुखतोय म्हणून टोपी बदललीस की गं!"

एरवी ती खळखळून हसली असती. आज हसली नाही. रविवारी हॉलमध्ये तिच्या बाबांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. त्यांच्या बँडमधले उरलेले तिघं म्हातारे वाजवणार होते आणि लांबूच्या जागी, लांबूचीच इलेक्ट्रिक गिटार घेऊन, ही उभी राहणार होती.

"बाबांच्या जागी उभं राहून बेसूर वाजवू का काका? त्यापेक्षा नाहीच जात."

"गप्प बस. आण इकडे."

गिटार टेबलावर आडवी घेतली. तिसऱ्या तारेची चावी हळूहळू पिळली. सूर हलेना, हलेना, आणि मग 'टुक' करून एकदम वर उडाला. चावीचा दोष नव्हताच. गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाची एक बारीक पट्टी असते, तिला आम्ही नट म्हणतो. तिच्या सहा खाचांतून सहा तारा सरकतात. ही तार खाचेत अडकत होती. ओढली की पुढे यायची, सोडली की मागे जायचीच नाही.

मी भिंग लावून पाहिलं. ती पट्टी माझ्या हातची होती.

एकतीस वर्षं झाली. तेव्हा मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. लांबूने मात्र स्वतःची कोरी गिटार माझ्या हाती दिली. माझं पहिलं काम! आठ दिवस ते हाड घासत बसलो होतो. बारीक कानशी होत्या चारच. दुसऱ्या, त्याहून बारीक तारेची कानस मी तिसरीच्या खाचेलाही चालवली आणि तार दाबून बसवत म्हणालो, "बसली की!" लांबूने तिथल्या तिथे एक गाणं वाजवलं आणि मला मिठी मारली. पुढे त्याच्याच शब्दावर सगळ्यांच्या गिटारी माझ्याकडे येऊ लागल्या. काय दिवस होते ते!

आणि मग मला त्याचं बोट आठवलं. स्टेजवर तार लांब ओढून सोडली, की लांबूचा डावा हात वर जायचा आणि एक बोट त्या पट्टीच्या मागे अलगद टेकायचं. लोक त्यावर फिदा होते. मी चिडवायचो, "काय रे, लाड करतोस तिचे?"

"करावे लागतात बाबा," तो म्हणायचा.

अडकलेली तार तो बोटाने दाबून जागेवर आणत होता. एकतीस वर्षं, प्रत्येक गाण्यात.

मूग गिळून बसता आलं असतं. दहा मिनिटांचं काम, 'पट्टी जुनी झाली' म्हटलं की झालं. शब्द ओठांवर आलेही होते. पण मला ते जमलं नाही.

"पोरी, ही चूक माझी आहे. खाच मीच अरुंद कापलीय."

ती मान खाली घालून म्हणाली, "माहितीये."

"काय?"

"बाबांनी सांगितलं होतं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी ताकीदच होती. म्हणायचे, त्याने आठ दिवस हाड घासलंय, हिरमुसेल बिचारा."

"म्हणून त्या दुकानात गेलीस?"

"हो. तिथला माणूस म्हणाला, ही पट्टी काढून नवी टाकतो. ती काढून टाकायचं माझ्या जिवावर आलं. मग म्हटलं, चाव्या तरी बदला. बाबांसारखं बोटाने दाबते, पण दर वेळी नेमकं जमत नाही."

मी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. माझ्या दुकानात भुसा फार उडतो.

मग योग्य ती कानस घेऊन खाच अगदी बेताने रुंद केली. तार सहज सरकावी म्हणून पेन्सिलीचं शिसं तिच्यात घासलं, तार पुन्हा चढवली. तिने तार ओढून सोडली. सूर बरोबर जागेवर परतला. तरी सवयीने तिचं बोट वर गेलं, पट्टीमागे दाबलं, आणि चांगला लागलेला सूर उगाच चढला.

"आता दाबायचं नाही. गरज संपली."

"मग या बोटाचं काय करू, काका?"

मी कानस पुसून खणात ठेवली.

रविवारी मी पहिल्या रांगेत पोरीच्या आईच्या, वहिनींच्या शेजारी बसलो होतो. तिसऱ्या गाण्यात पोरीने तार लांब ओढली. इतकी लांब, की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिने तार सोडली आणि सूर आपला आपण घरी परतला.

तरी तिचा हात वर गेलाच.

"बघा," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगदी बापासारखे लाड करते."

मी मान डोलावली. सूर तसूभरही चढला नाही. तिने तार दाबली नव्हती, बोट नुसतं टेकवून ठेवलं होतं.