निळी झाले नाही, म्हणून

मी एक कागदाची पट्टी बोलतेय. बोटाच्या दोन पेरांएवढी. हसू नका! माझ्या पोटात सोनं आहे. इतकं बारीक, की केसाच्या जाडीत त्याचे पाच हजार कण ओळीनं बसतील. एवढं बारीक केलं की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. माझ्या अंगावरच्या त्या लाल ठिपक्याचा मला फार तोरा होता.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला घडवलं. काम एकच, फवारणी करणाऱ्याच्या रक्तात विष भिनलं का ते सांगायचं. टोकाला रक्ताचा थेंब लावायचा, दहा मिनिटं थांबायचं. रक्त ठीक असेल तर ठिपका निळा होतो. विष भिनलं असेल तर लालच राहतो. फार हुशार माणसं होती ती. फक्त कपाशीच्या वावरात कधी आली नाहीत.

२०१७ साली पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावर घरोघरी फिरणारी आरोग्य खात्याची आशाताई, प्रियंका, मला घेऊन गेली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपाचा फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर पडायचा. प्रियंकाला अजून पंधरा घरं करायची होती, म्हणून फवारणीला जाणाऱ्या धावजीला तिनं घाईतच सांगितलं,

"धावजीभाऊ, गरगरलं त बोट टोचून रक्त लावजा. निळा झाला त ठीक, नाही त सीधा दवाखाना. ध्यानात राहीन ना?"

धावजीनं मान हलवली. त्याची बायको मानीबाई हिनं मला बांगड्यांच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात सोनं म्हणावं तर मीच!

तिसऱ्या फवारणीच्या दिवशी धावजी भरदुपारी घरी आला. डोळ्यांतून पाणी, डोकं गरगरत होतं. मानीबाईनं मला बाहेर काढलं. थेंब पडला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, मी जीव तोडून लालच राहिले.

"निळ्याचं काय म्हने वं प्रियंका?" धावजीनं विचारलं.

"एवढंबी समजत नाही तुमाले? साप चावला का मानूस निळा पडते. जहर चढलं असतं त हे निळं नसतं झालं? पाहा, कसा लाल हाय, कुंकवावानी!" तिनं मला कपाळाला लावलं.

"मंग उन्ह लागलं असन. दोन पंप बाकी हायेत, मारून येतो."

अरे बाबा, जाऊ नको! पण माझ्याजवळ सांगायला एक रंग तेवढा होता, आणि त्या घरात तो सौभाग्याचा होता.

संध्याकाळी लोकांनी त्याला वावराच्या धुऱ्यावरून उचलून आणलं. बावीस दिवस तो यवतमाळला दवाखान्यात होता. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. दुपारीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. प्रियंकानं रंगांचा खरा अर्थ पुन्हा सांगितला, तेव्हा मानीबाई म्हणाली,

"मीच धाडलं वं त्याइले वावरात. माह्याच तोंडानं."

तिची चूक नव्हती हो! मी खरं बोलले, आणि माझं खरं बोलणंच त्याला नडलं. ही रुखरुख मला जाळते.

अजून मी त्याच डब्यात आहे. धावजी दाराशी बसून चाचपत बोंडांतला कापूस काढतो. कधी विचारतो, "मानी, ते पट्टी आता कोन्त्या रंगाची हाय वं?" ती बोंडांची पाटी त्याच्या पुढ्यात सरकवते.

माझ्या धाकट्या बहिणी घडवणाऱ्यांनो, हात जोडते. सोनं हवं तेवढं बारीक करा. पण त्याआधी एकदा तांड्यावर या, आणि मानीबाईला विचारा, विषाचा रंग कोणता.