मीर्कोचा मनोरा

एकच तिकीट घेऊन ओत्तोरीनो खिडकीपासून वळला. खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या, पाकीट काढले आणि दोन्ही नीव्हेसच्या हातात ठेवले.

“चढताना टोचतात,” तो म्हणाला. “तू इथंच बस, सावली आहे. गुडघे दुखतील तुझे.”

नीव्हेस त्या पाकिटाकडे पाहत राहिली. लग्न झाल्यापासून त्याने ते कधी तिच्या हाती दिले नव्हते.

पो नदीकाठच्या त्यांच्या सपाट गावातून सान जिमिन्यानो शहरात यायला सबंध दिवस मोडला होता. या मनोऱ्याच्या माथ्यावरचे दगड सांधताना त्यांचा मुलगा मीर्को खाली पडला, त्याला दोन हिवाळे झाले. तेव्हा दोघे थेट शवागारात गेले होते. शहर पाहिलेच नव्हते. डागडुजी संपून मनोरा लोकांसाठी उघडल्याचे कळले आणि ओत्तोरीनोने एकच हट्ट धरला, एकदा वर जायचे. यंदा त्याने टोमॅटो लावले नाहीत. कुत्रा शेजाऱ्याला देऊन टाकला. नीव्हेसने काही विचारले नाही.

“मीही येते,” ती म्हणाली.

“ऐक माझं.”

“आजवर ऐकतच आले.”

त्याच्याच पाकिटातली नोट तिने खिडकीत सरकवली. तिकीट देणारी मुलगी म्हणाली,

“सिन्योरा, पायऱ्या फार उभ्या आहेत. थांबत थांबत जा.”

जिना अरुंद होता. ओत्तोरीनो पुढे, आणि त्याच्या कोटाचे टोक मुठीत धरून नीव्हेस मागे. उतरणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. त्यांतली एक बाई हसून नवऱ्याला म्हणाली, “बघ, काल लग्न झाल्यासारखे चाललेत.” गुडघ्यातून कळ निघे तशी नीव्हेसची मूठ घट्ट होई. मध्येच ओत्तोरीनोने कोट सोडवून घ्यायला हिसका दिला. तिने सोडला नाही.

वर ऊन होते, वारा होता. आणि चारही बाजूंनी, पायांपासून डोक्याच्याही वरपर्यंत, पोलादी जाळी होती. ओत्तोरीनो एका कडेला गेला, मग दुसऱ्या. शेवटी जाळीत बोटे अडकवून उभा राहिला.

“फोटोत जरा आड येते,” तिथला रखवालदार म्हणाला. “पण दुरुस्तीच्या वेळी एक पोरगा पडला इथून. मग वरच्या साहेबांना जाग आली. आता मांजरसुद्धा पडायचं नाही.”

रखवालदार दुसऱ्या लोकांकडे वळला.

नीव्हेसने दोन्ही हातांनी जाळी हलवून पाहिली. पुन्हा हलवली. मग त्या तारांना कपाळ टेकवले.

“घट्ट आहे,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “पण घरी नदी आहे, ओत्तोरीनो. तिला कोण जाळी लावणार?”

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. जाळीतली बोटे पांढरी पडली होती. खाली कुठेतरी घंटा वाजू लागली आणि थांबली.

“पाय थरथरतायत तुझे,” तो म्हणाला. “बस.”

“तू आधी.”

तो भिंतीशी खाली बसला. नीव्हेसने थोडी वाट पाहिली. मग तीही बसली, त्याच्या आणि जिन्याच्या मधे.