बसवंतचे बूट

नवऱ्याच्या पिशवीत डबा ठेवायला गेले, तर आत बसवंतचे बूट.

मी लगेच ओळखले. उजव्या बुटाच्या आत तळाशी फौजी घोंगडीचा तुकडा बारीक टाक्यांनी शिवलेला होता. ते टाके फत्तेसिंग मास्तरांचे. फौजेतून निवृत्त झालेले मास्तर आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, आणि या वर्षी अख्ख्या कारखान्याचे वैरी.

"अहो, हे काय?"

श्रीकांत दाढी करत होते. आरशातूनच हसले. "आज फायनल आहे. बूट सापडले नाहीत म्हणजे बसवंत झक मारत अनवाणी खेळेल, आणि अनवाणी खेळला की आपण जिंकलोच. तुझ्या मास्तरांची साहेबी आज संपली म्हणून समज."

म्हणे तुझ्या मास्तरांची! तीन महिने हेच ऐकत होते. १९५२ साल होते ते. आमच्या स्पर्धेत बुटांची सक्ती नव्हती, निम्मे खेळाडू पायाला पट्ट्या गुंडाळून अनवाणीच खेळत. खानापूरकडचा कानडी बसवंत त्यात एक नंबर. सामन्याआधी आणि मध्यंतरात लोक त्याच्या उजव्या पायाला कुंकू लावत. जूनमध्ये मास्तरांनी त्याला बूट चढवले आणि त्याचे गोल बंद झाले. मग काय, भिंतीवर शिव्या, मास्तरांच्या सायकलला फाटक्या चपलांची माळ. मास्तरांना काढा म्हणून फाटकाशी अर्ज लागला, त्यावर पहिली सही आमच्या यजमानांची. कारखान्यात बसून नकाशे काढणाऱ्या माणसाला फुटबॉलमधले जरा जास्तच कळते.

खरे काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होते, खुद्द बसवंतलाही नाही: मास्तर, डॉक्टर आणि कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स, म्हणजे मी. मे महिन्यात बसवंतचा तळवा तापलेल्या लोखंडावर पडला आणि ते त्याला जळकट वासावरून कळले. डॉक्टरांनी तळव्याला टाचण्या टोचल्या, तरी हा आपला छताकडे बघत बसलेला. नडगीवर फिकट चट्टा होता. महारोग. गोळ्यांनी बरा होईल, याच्यापासून कुणाला लागणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण ते नाव एकदा बाहेर पडले की पुढचे ऐकतो कोण? कारखान्याचे फाटक बंद, गावही बंद. संघातून वगळावे, तर नोकरी लागलेली खेळाडू म्हणूनच. तेव्हा मास्तरांनी ते बूट शिवले, म्हणजे निदान पाय तरी शाबूत राहील.

"बाई, मला शिव्या खाऊ द्या," ते मला म्हणाले होते. "शिव्यांनी माझी भाकरी जात नाही. त्याची जाईल."

म्हणून मी तोंड शिवून बसले होते. घरी श्रीकांत मास्तरांचा उद्धार करत आणि मी भांडी आपटत असे. रोज वाटायचे, सांगून टाकावे. रोज राहायचे.

"द्या इकडे ते बूट," मी म्हणाले.

"का म्हणून?"

काय सांगणार? तेवढ्यात पिशवी उचलून ते सायकलवर बसलेसुद्धा.

दवाखान्यात हाताला काम लागेना. एकाला दोनदा पट्टी बांधली. चार वाजता औषधांची पेटी घेऊन मैदानावर पोचले, तर सामना सुरू झालेला आणि बसवंत अनवाणी धावतोय. बुटांशिवाय त्याला उतरवणार नाही म्हणून मास्तर अडून बसले होते, पण लोक मैदान पेटवतील म्हणून संघाच्या सेक्रेटरींनी परस्पर त्याला आत पाठवले होते.

मी बसवंतच्या पायांवरून नजर काढली नाही. कुठे पडतायत, कशावर पडतायत, हेच बघत होते. मध्यंतराआधी त्याने तीस पावलांवरून गोल मारला. असा आरडाओरडा मी जन्मात ऐकला नाही. मास्तरांच्या पाठीवर संत्र्याच्या साली पडत होत्या, तरी ते वळून बघत नव्हते. तेही पायांकडेच बघत होते.

मध्यंतर झाले. कुंकवाची डबी घेऊन श्रीकांत सगळ्यांच्या पुढे धावले, मी पेटी घेऊन मागे. बसवंतचा उजवा पाय त्यांनी मांडीवर घेतला, कुंकू लावले, आणि हात मागे घेतला तेव्हा तो मनगटापर्यंत लाल होता. तळव्यात सोड्याच्या बाटलीची काच रुतली होती, बोटभर लांब.

"श्रीकांतअण्णा, स्वल्प लवकर आटपा की," बसवंत हसत म्हणाला, "घसा कोरडा पडलाय माझा."

श्रीकांतनी काच हलवून पाहिली. बसवंत हसतच होता. मग त्यांनी ती उपसून काढली, तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

श्रीकांतनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. त्यांच्या सख्ख्या मावशीला याच रोगापायी गावाबाहेरच्या झोपडीत ठेवले होते, भाकरी लांबून टाकत. लहानपणी ती टाकायला हेच जात. त्यांना आणखी काही सांगावे लागले नाही.

गर्दी जवळ यायच्या आत त्यांनी आपला रुमाल त्या पायाला घट्ट गुंडाळला, पिशवीतून बूट काढले आणि स्वतःच्या हातांनी चढवून नाड्या बांधल्या. काच दिसली असती, तर एवढी रुतूनही हा हसतो कसा, हेच लोकांनी आधी विचारले असते.

मास्तर बसवंतला धरून खेळाडूंच्या तंबूकडे घेऊन गेले. त्याच्याशिवाय आम्ही दोन-एकने हरलो.

शिट्टी वाजली तशी माणसे मास्तरांच्या अंगावर धावली. "जिंकलेला सामना घालवला! का काढलं त्याला? जाब द्या!"

श्रीकांत धावत मध्ये जाऊन उभे राहिले. "थांबा! मी सांगतो का काढलं!"

त्यांनी तोंड उघडले. माणसांच्या डोक्यांवरून तंबूच्या दाराशी बसवंत दिसत होता, बूट घातलेला, अजून काही न कळलेला. श्रीकांतनी तिकडे पाहिले.

"बूट मी चोरले होते," ते म्हणाले. "मास्तरांचंच बरोबर होतं."

"कसं बरोबर? सांगा ना!"

"फितूर!" कुणीतरी ओरडले. अर्जावर त्यांच्याखालोखाल ज्याची सही होती, त्यानेच फेकलेले सडके संत्रे त्यांच्या गालावर फुटले. ते तसेच उभे राहिले. माझ्या नवऱ्याने उत्तर ठाऊक असून पोटात ठेवले असे मी पहिल्यांदाच पाहिले, आणि लग्नानंतर प्रथमच मला त्यांचा अभिमान वाटला.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"पुसा," ते हळूच म्हणाले. "होईल सवय."