अंगणाजवळचं झाड

“काय बोलून राहिलं व ते, पूनम?” भिवाजींनी खाटेवरून विचारलं.

“काहीच नाही, बाबा. स्क्रीनवर नुसतं अगडबगड उमटून राहिलं. बोर्ड भरभर बोलते, कॉम्प्युटर हळू ऐकते. दोघांचा वेग एक करा लागन.”

“मंग कर ना. नवराबायकोचंही तसंच असते.”

पूनम हसली. सौंसर शहरात कॉम्प्युटर शिकवणारी ही सून रामाकोना गावातल्या घरी सासऱ्यासाठी नसते उपद्व्याप करत होती. घरची संत्र्याची बाग होती. संत्र्याला बहर हवा तर आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडून झाडं तहानलेली ठेवावी लागतात. पाणी पुन्हा कधी सोडायचं, हे भिवाजी पान बघून सांगत. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली. यंदा मुलगा वीरेंद्र शेजाऱ्याला विचारणार होता, आणि ते कळल्यापासून म्हाताऱ्याचं जेवणावरचं मन उडालं होतं. म्हणून पूनमनं अंगणाजवळच्या झाडाच्या आळ्यात ओल मोजणारी सळई रोवली, तिची वायर घरातल्या छोट्या सर्किट बोर्डला आणि तो बोर्ड कॉम्प्युटरला जोडला.

वेग जुळले. आकडे सरळ येऊ लागले आणि प्रोग्राम त्यांचा सूर करू लागला. माती ओली तर भरलेला, सुकली तर बारीक.

भिवाजी दिवसभर ऐकत बसत. सूर बारीक होत गेला तसं त्यांना वाटे, आपण मुळांच्या वाटेनं खाली उतरतोय, जिथे डोळे असले काय आणि नसले काय. तिथे कुणीतरी पाणी मागत असे.

एका दुपारी सूर अचानक भरून आला. वायर सुटली असेल म्हणून पूनम बाहेर आली. वायर चाचपत म्हातारा झाडापर्यंत पोचला होता. हातात रिकामी बादली होती.

“बाबा, ताण मोडला ना. आता फुलं नाही येनार याले.”

“मालूम हाय.” ते आळ्याच्या कडेला बसले. “सारी जिंदगी पान पाहून ताण देल्ला, काही नाही वाटलं. पन ऐकून राहवलं नाही, बाई.”

पूनमनं सळई उपसली. पलीकडच्या झाडाखाली ती पुन्हा रोवली. पुढे सूर ऐकून पाणी सोडायचा दिवस भिवाजींनीच सांगितला.

बाग पांढरीशुभ्र फुलली, वास थेट घरात आला. अंगणाजवळचं झाड तेवढं हिरवंगार, फुलाचं नाव नाही.

“या एकाले काय झालं?” वीरेंद्रनं विचारलं.

“काही नाही,” भिवाजी म्हणाले. “पोट भरलं त्याचं.”

आणि त्यांनी आपली खाट त्याच झाडाखाली टाकायला लावली.