बाजव्याचं अंजीर

सेवउसळ येईपर्यंत सांगून टाकते, कारण मला तुमच्याकडे काम आहे. म्हणजे कुणाल, तुझ्याकडेच. पण काम आधी सांगितलं तर तू नाही म्हणशील, म्हणून आधी सगळं ऐकून घे, आणि रसिका, तू मधे हसू नकोस.

माझे दत्ताकाका तुम्हाला माहीत आहेत ने, बाबांचे मोठे भाऊ. कारेलीबागला आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि वर गच्चीवर त्यांची अंजिरं आहेत. निळी प्लास्टिकची पिंपं असतात ने, ती मधून कापायची, खाली भोकं पाडायची, माती-शेणखत भरायचं, एका पिंपात एक झाड. अशी अकरा आणि प्रत्येकाची जात वेगळी. पुण्याचं आहे, दिनकर आहे, डायना, ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन, कोनाड्रिया, बाकीची मला पाठ नाहीत. कलमं त्यांनी कुठून कुठून कुरियरने मागवलेली आहेत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात. फक्त एक कुरियरने आलेलं नाही. ते बाजव्याचं. रिफायनरीत नोकरीला होते तेव्हा काका शेजारच्या बाजवा गावात राहायचे, तिथे घरामागे एक अंजीर आपोआप उगवलेलं होतं. निवृत्त होऊन इकडे आले तेव्हा त्याची एक फांदी स्कूटरवर पुढे पायात धरून आणली. ते पहिलं झाड. नाव नाही, जात माहीत नाही, काका त्याला नुसतं बाजवा म्हणतात, आणि सकाळी पहिलं पाणी त्याला.

आता झालं असं की गच्चीखाली, म्हणजे काकांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, पीयूषभाई शाह राहतात, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या छताला ओल आली. ती पण बरोबर देवाच्या कपाटावर. माणूस इतका सज्जन की सहा महिने बोलले नाहीत, कपाट सरकवून घेतलं. मग ओल कपाटामागे सरकत गेली. तेव्हा कमिटीची नोटीस निघाली की एक जूनपासून वॉटरप्रूफिंग, त्याआधी गच्चीवरचं सगळं खाली. मीटिंग रविवारी, आणि कमिटीत तीनच माणसं: पीयूषभाई, दुसऱ्या मजल्यावरच्या ट्यूशनवाल्या निरुपमाबेन आणि तळमजल्यावरचे संपतराव, रेल्वेतून रिटायर झालेले.

काका म्हणाले, "तीनपैकी दोन मतं पाहिजेत. ज्याने एकदा खाल्लं तो काढा म्हणणार नाही."

काकू म्हणाली, "लाच आहे ही."

"टेस्टिंग आहे," काका म्हणाले.

आणि ते खरंच टेस्टिंगच होतं, कारण काकांनी बत्तीस वर्षं रिफायनरीच्या लॅबमध्ये तेच केलंय. तक्ता काढला, गोडी, वास, पोत, शेरा, दहापैकी मार्क आणि खाली सही. अंजिरं सोलायची, कारण सालीच्या रंगावरून जात कळते. अकरा वाट्या, वर नुसते नंबर. कुठला नंबर कुठल्या झाडाचा, ते फक्त मला माहीत, म्हणून मला मार्क द्यायचे नाहीत.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सगळे आले. साडेपाच का, तर पीयूषभाई जैन आहेत, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. काकूने काय काय केलं होतं, ढोकळा, दुधीचे मुठिये, कांदा न घालता पोहे, चिवडा घरचा कारण बाहेरच्यात लसूण असतो. बटाट्याचे वेफर्स मी आणले होते, ते तिने माझ्याकडे बघून परत पिशवीत घातले. काका पीयूषभाईंना म्हणाले, "सगळं जैन आहे हं, निश्चिंत खा."

पीयूषभाईंनी ढोकळा खाल्ला, मुठिया खाल्ला. मग मी अकरा वाट्या आणून टेबलावर ठेवल्या. त्यांनी वाट्यांकडे बघितलं, मग काकांकडे, आणि हात जोडले. ते गुजरातीत बोलतात, मी मराठीत सांगते. म्हणाले, "दत्तात्रेयभाई, आम्ही अंजीर खात नाही."



"अंजीर उंबराच्या जातीतलं. आत जीव असतात. आमच्यात वर्ज्य आहे, सुकंसुद्धा," ते म्हणाले. अगदी हळू, जणू चूक त्यांचीच.

रसिका, तुला सांगितलं हसू नकोस. मी लहानपणापासून जैन मैत्रिणींबरोबर डबा खाल्लाय, कधी बटाटा नेला नाही, आणि मलाही सुचलं नाही. काकू म्हणाली, "अहो, एकवीस वर्षं समोर राहतो आपण." काका टेबलाकडेच बघत राहिले.

मग पीयूषभाई उठायला लागले, तर काका म्हणाले, "थांबा. लॅबमध्ये ज्याला रिझल्टशी घेणंदेणं नसतं, नंबर त्याच्याकडे असतात. ही पोरगी माझी पुतणी आहे, तिच्याकडे नंबर ठेवणं बरोबर नाही. तुम्ही ठेवा." पीयूषभाईंनी खिशातून पेन काढलं. आम्ही दोघं वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेलो, मी कुठली वाटी कुठल्या झाडाची ते सांगितलं, त्यांनी नव्याने नंबर लावले, कुठलं कुठे ते कागदावर लिहिलं, कागद घडी करून वरच्या खिशात.

खाणारे चार. काका, काकू, निरुपमाबेन, संपतराव. संपतरावांना शुगर आहे, ते म्हणाले मी नुसतं चाखणार, आणि अकराही वाट्या साफ केल्या.

पण खरी मजा वेगळीच झाली. पीयूषभाईंनी आयुष्यात अंजीर खाल्लेलं नाही, आणि ते समोर बसून विचारायला लागले, कसं लागतं? निरुपमाबेन एक नंबर खाऊन म्हणाल्या, "मधासारखं." ते म्हणाले, "बेन, मधही आम्ही खात नाही."

आता सांगा काय सांगणार. निरुपमाबेन दिवसभर मुलांना शिकवतात, त्यांना हे आव्हानच वाटलं. "रायणं खाता? पिवळी छोटी फळं, लारीवर मिळतात ती?" खातो म्हणाले. "मग पिकलेलं रायण, पण चीक नाही, आणि मागून थोडा गूळ." पीयूषभाईंनी लिहून घेतलं. तीन नंबरला संपतराव म्हणाले फालसा, काकू म्हणाली फालसा नाही, जांभूळ, ते तोंडाला तुरट होतं ने तसं, पण गोड. "म्हणजे जांभळाचा जॅम?" पीयूषभाईंनी विचारलं. दोघं म्हणाले हो, पहिल्यांदा एकमत. चारला काकू म्हणाली खरबूज. "साखर घातलेलं की नुसतं?" "नुसतं." आठ नंबर खाऊन काका म्हणाले, "गूळ-तुपातली गोळपापडी. गरम नाही, दुसऱ्या दिवशीची." पीयूषभाई म्हणाले, "आता समजलं," आणि खरंच समजल्यासारखा चेहरा केला.

आणि सहा नंबर. सहा नंबरला कुणाला काही सांगता येईना. निरुपमाबेन म्हणाल्या काकडी. संपतराव म्हणाले, काकडीला वास तरी असतो. काकांनी घास घेतला, जीभ टाळूला लावून बघितली, लिहिलं आणि वाटी पुढे सरकवली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखं पेंढ्यात घालून चालत नाही. झाडावरच पिकायला लागतं, आणि पिकलं की त्याची मान वाकते, फळ खाली लोंबतं. तोडायचं काम माझ्याकडे होतं. दहा झाडांवर मान वाकलेली मिळाली. अकराव्यावर, म्हणजे बाजव्यावर, बुलबुलांनी पिकलेलं एकही ठेवलं नव्हतं. उरलेली सरळ मानेची. मला वाटलं एका दिवसाने काय होतंय, आणि तीच तोडली. देठातून पांढरा चीक आला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं होतंच, खरं सांगायचं तर.

रविवारी मीटिंग, काकांच्याच घरी. संपतराव म्हणाले, "अंजीर उत्तम, पण स्लॅब त्याहून महाग. काढा." निरुपमाबेन म्हणाल्या राहू द्या. एक एक. सगळे पीयूषभाईंकडे बघायला लागले, काका सोडून. काका खिडकीबाहेर बघत होते.

पीयूषभाई म्हणाले, "तुम्हा दोघांचीही मतं धरता येणार नाहीत."

"का?" संपतराव.

"तुम्ही खाल्लंय."

"अहो, मी खाऊन विरोधात बोलतोय."

"तरी खाल्लंय ने. मी एकटाच आहे ज्याने खाल्लं नाही."

मग पीयूषभाईंनी निर्णय सांगितला, बहुतेक रात्री ठरवून आले होते. पाण्याच्या टाकीपाशी खाली बीम आहे, तिथे विटांवर पिंपं ठेवायची, खाली ताटं, पाणी स्लॅबवर पडता कामा नये. तिथे चार मावतात. चार ठेवा, बाकीची सात एकतीस मेपर्यंत खाली.

काकांनी विचारलं, "कुठली चार?"

पीयूषभाईंनी वरच्या खिशातून तो कागद काढला. "तुम्हीच टेस्टिंग केलंय. बेरीज मी केली." आणि वाचलं: ब्लॅक मिशन, डायना, दिनकर, कोनाड्रिया. मग थांबले, आणि सगळा कागद काकांना दिला, तक्त्यांसकट. मी मागून वाचला. सहा नंबरसमोर लिहिलं होतं बाजवा, अकरावा क्रमांक. आणि काकांच्या स्वतःच्या तक्त्यात, त्यांच्या अक्षरात, तीन मार्क. शेरा: फिकं. पाणचट. ठेवू नये. खाली सही.

काकांनी कागदाची परत तशीच घडी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे." काकू चहा बघायला आत गेली, चहा झालेला होता तरी.

मी दोन दिवस गप्प बसले. मंगळवारी वर जाऊन सांगून टाकलं, सरळ मानेचं तोडलं होतं म्हणून. वाटलं रागावतील. ते म्हणाले, "जीभ चुरचुरली तेव्हाच वाटलं कुणीतरी कच्चं सँपल दिलंय. पण कुठलं ते मला कळायचं नव्हतं, म्हणून लिहिलं जे लागलं ते." मग म्हणाले, "सँपल चुकीचं असेल तर परत काढायचं." बाजव्यावर शोधून एकच फळ सापडलं, पानामागे लपलेलं. त्याला जाळीची पिशवी बांधली, आणि गुरुवारपर्यंत थांबलो. बुधवारी मान थोडी वाकली, गुरुवारी पूर्ण.

काकांनी पीयूषभाईंना वर बोलावलं, साक्षीदार म्हणून. ते कागद आणि पेन घेऊन आले, डोक्याला रुमाल बांधून, कारण ऊन होतं. काकांनी अंजीर चिरलं, अर्धं खाल्लं. अगदी सावकाश. मी त्यांच्याकडे बघत होते, पीयूषभाई पण.

"कसं आहे?" पीयूषभाईंनी विचारलं.

काका म्हणाले, "चार."

"आधी तीन होते."

"हो. एक पिकल्याचा."

पीयूषभाईंनी तीन खोडून चार केले, बेरीज परत केली, आणि म्हणाले, "क्रमांक तोच राहतो." काका म्हणाले, "राहणारच." उरलेल्या अर्ध्याचा तुकडा मला दिला, बाकीचं सालीसकट स्वतः खाल्लं. आणि मला विचाराल तर खरंच फिकं आहे. मी पण चारच दिले असते. काका म्हणाले सातही नर्सरीवाल्याला सांगून टाक, येऊन घेऊन जाईल. सातही म्हणाले, वेगळं काढून काही बोलले नाहीत.

खाली उतरताना जिन्यात पीयूषभाईंनी मला थांबवलं आणि विचारलं, "ते पहिलंवालं, बाजव्याचं, कुठे जाणार?" मी म्हटलं, नर्सरीत. ते म्हणाले, "नर्सरीवाला फळ बघून घेतो, हे त्याच्याकडे टिकायचं नाही. बाजव्याला तुझं कुणी ओळखीचं नाही का?"

तर कुणाल, आता काम.

तुझं घर बाजव्याला, मागे अंगण आहे, पेरूच्या बाजूला जागा रिकामी आहे, मी बघितली आहे, आता नाही म्हणू नकोस. पिंपातून काढून जमिनीत लावायचं, बस.

कुणाल म्हणाला, "आई विचारेल फळ कसं आहे."

दहापैकी चार सांग.

"चारला ती घरात घेत नाही. मला बारावीत त्याहून जास्त होते, तरी ऐकवते अजून."

मग सांग की माझ्या काकांचं आहे. नको, ते पण नको, चारच सांग, कागद आहे पुरावा म्हणून. पिंप मातीसकट जड आहे, आमच्याकडे लिफ्ट नाही, गच्चीवरून चार मजले उतरवायचं. एक बाजू तू, एक बाजू मी. पीयूषभाई म्हणालेत खालून धरतो, पण त्यांची कंबर दुखते, त्यांना पुढे नुसतं चालायला सांगू. टेम्पो रसिकाच्या मामांचा. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. काकांना मी अजून सांगितलेलं नाही, नर्सरीवाला आला असं वाटू दे, मग एखाद्या वर्षी त्यांना तुझ्याकडे घेऊन येईन.

आणि हे बघ, मान वाकल्याशिवाय तोडायचं नाही. तुझ्या आईलाही सांग. हं, आली उसळ, तर्री इकडे दे.